पाणक्याची वाट

पूर्वी पश्चिमेच्या एका नगरात वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मरुभूमीतल्या वाटाड्यांच्या कुळात जन्मले. तिथे जमिनीच्या पोटातून उसळलेला अग्नी थिजून मैलोगणती काळा कातळ झाला होता. तक्षशिलेला विद्या शिकत असताना बोधिसत्त्वांना त्या कातळाची फार आठवण येई. आईचे बोट धरून पाखरे पाहत हिंडलेल्या तिथल्या सकाळी त्यांच्या मनातून जात नसत.

शिक्षण संपले तसे ते शोणक नावाच्या सार्थवाहाच्या तांड्याला वाट दाखवीत घरी निघाले. लहानपणी पाहिलेल्या एका कुंडापाशी त्यांनी तांडा आणला, तर कुंड वाळूने बुजलेले. आईने ज्या दगडाशेजारी त्यांना पखुर्डी पाखराची अंडी दाखवली होती, तो दगड मात्र तसाच होता. बोधिसत्त्व त्याला हात लावून उभे राहिले. पाण्याचे बुधले रिकामे झाले होते. शोणकाच्या म्हाताऱ्या आईला तर नीट बोलवतही नव्हते.

इतक्यात दोन काळ्या सुळक्यांच्या मधून एक पखुर्डी नर उडत आला आणि दम खायला खाली टेकला. शोणकाने उपरणे टाकून त्याला धरले. त्याच्या पोटाची पिसे निथळत होती. पिसे पाण्यात भिजवून पाणी वाहून नेतो म्हणून त्या देशात या नराला पाणक्या म्हणतात, हे शोणकाला ठाऊक होते. पिसे पिळून आईचे ओठ ओले करायचे आणि मग पाखराला सोडून त्याच्या मागे जायचे, असे त्याने ठरवले. पाणक्या पाण्याकडेच नेणार.

बोधिसत्त्व म्हणाले, "सार्थवाह, घागर भरलेला पाणक्या विहिरीकडे जातो की घराकडे? याची पिले वाट पाहत असतील. याला असाच सोडा. हा जिकडून आला, तिकडे पाणी आहे."

"वा पंडित," शोणक म्हणाला, "तक्षशिलेत उलटे चालायला शिकवतात वाटते. एक कुंड दाखवलेत, तेवढे पुरे झाले."

तांड्यातली माणसे कोरड्या घशाने हसली. शोणकाने पाखरू आईच्या ओठांशी नेले. म्हातारीने तोंड घट्ट मिटून घेतले.

"पिलांच्या तोंडचे आहे ते," मग ती कशीबशी म्हणाली. "सोड, बाळा."

पाखरू सुळक्यांकडे पाठ करून पूर्वेला उडाले. बोधिसत्त्वांनी म्हातारीला पाठीवर घेतले आणि ते सुळक्यांकडे चालू लागले. शोणक नाइलाजाने मागे निघाला. ऊन चढले. पलीकडच्या घळीत कातळाच्या खळग्यात पाणी चमकत होते, आणि काठावर पखुर्ड्यांचा थवा पीत होता. माणसे धावणार, तोच शोणक हात पसरून आडवा आला.

"थांबा," तो म्हणाला, "त्यांचे होऊ द्या."

थवा उडाला, तेव्हाच त्याने आईसाठी ओंजळ भरली.

गावाच्या ओढीने उदास झालेल्या एका भिक्खूला ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "त्या जन्मी शोणक तू होतास. ती माता म्हणजे तुला रोज भिक्षा वाढणारी वृद्ध उपासिका, आणि वाटाड्या मीच होतो. घराची आठवण येते, यात वावगे काही नाही. आपले घर आठवताना दुसऱ्याच्या घरट्यातली तहान आठवणे, हीच करुणा."