टाचेतली चिमी आणि झोपाळू शिपाई

एक होती टाच. टाच होती हेमाआत्याची. टाचेत राहायची चिमी पेशी. मोहरीहूनही छोटी! आत्या उभी राहिली की तिचा भार पेलायचा, एवढंच चिमीचं काम.

एक दिवस काय झालं? चिमीच्या जागेवर येऊन बसला एक चोर, कातडीवरच्या तिळाचं सोंग घेतलेला खोटा तीळ. फतक!

"अरे, ऊठ! माझी जागा ती."

"मी घरचाच," म्हणाला खोटा तीळ. आणि आणखी पसरला.

त्याचे भाऊ आले. पोटरीत गेले. पार छातीत गेले. आत्याला पाय टेकवेना. आत्या दवाखान्यात पलंगावर पडून. चिमीला रडू कोसळलं. माझी जागा गेली, आता माझी आत्याही जाणार!

चिमी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

वाटेत होता शिपाई, आत्याच्या रक्तातला पहारेकरी. उभ्या उभ्या घोरत होता. घुर्रर्र!

"शिपाईदादा, शिपाईदादा! तीळ हटेना, चिमीला जागा मिळेना. तू ऊठ ना!"

"मी नाही जा! हवालदार ओरडला तर उठेन." घुर्रर्र!

चिमी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

हवालदार बसला होता मिशीला पीळ देत.

"हवालदारमामा, हवालदारमामा! शिपाई उठेना, तीळ हटेना, चिमीला जागा मिळेना. तुम्ही ओरडा ना!"

"मी नाही जा! उगाच कुणावर ओरडू? हेरमावशीने चोराचं चित्र दाखवलं तर ओरडेन."

चिमी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

हेरमावशी चित्रांच्या ढिगावर बसली होती.

"हेरमावशी, हेरमावशी! हवालदार ओरडेना, शिपाई उठेना, तीळ हटेना, चिमीला जागा मिळेना. तू चित्र दाखव ना!"

"मी नाही जा! दाखवून दाखवून हात दुखले माझे. शिपायाच्या पाठीवर आहे एक कळ. तीळ येतो, 'मी घरचाच' म्हणतो, कळ दाबतो. की शिपाई झोपला!"

"अशी कशी कळ?"

"घरच्यांना मार बसू नये म्हणून ठेवलीय."

"पण ती चोराला कळली की!"

"ते बघणं माझ्या कामात येत नाही, बाई. कळीवर टोपी बसली तर दाखवेन."

टोपी कुणाकडे? औषधाच्या थेंबाकडे. थेंब होता नळीत. नळी होती आत्याच्या हाताला टोचलेली. चिमी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"थेंबदादा, थेंबदादा! हेरमावशी दाखवेना, हवालदार ओरडेना, शिपाई उठेना, तीळ हटेना, चिमीला जागा मिळेना. तू टोपी घाल ना!"

"मी नाही जा! नळीचं चाक बंद आहे. सिस्टरने फिरवलं तर येईन."

सिस्टर तर बाहेर! आता? चिमी भलतीच चिवट. आली परत टाचेत. आणि सुरू केल्या गुदगुल्या. खाज, खाज, खाज!

"आई गं!" आत्या उठून बसली. टाच खाजवली. वर बघितलं. "अहो लीना सिस्टर, या नळीतून थेंबच पडत नाही!"

"अगंबाई! मगाशी बंद केलं, ते तसंच राहिलं की, आत्या."

सिस्टरने चाक फिरवलं. टप! टप! टप!

थेंब आला, कळीवर टोपी बसली. टोपी बसली, हेरमावशीने चित्र दाखवलं. चित्र दाखवलं, हवालदार ओरडला, "पकडाऽऽऽ!" हवालदार ओरडला, शिपाई ताडकन उठला.

तीळ धावत आला. "मी घरचाच! मी घरचाच!" कळ दाबायला गेला, तर वर टोपी! शिपायाने दिला ठोसा. धप्प!

एका दिवसात नाही हं गेला तो. तीन आठवड्यांनी पुन्हा थेंब, पुन्हा धप्प. पुन्हा थेंब, पुन्हा धप्प. भाऊ झिजले. तीळही झिजला, झिजला, आणि गेला!

मग काय, सत्कारच सत्कार. शिपाई म्हणाला, "मी मारलं." हवालदार म्हणाला, "मी ओरडलो." हेरमावशी म्हणाली, "चित्र माझं." थेंब म्हणाला, "टोपी माझी." सगळ्यांनी एकमेकांना हार घातले. चिमीला कुणी बोलावलंच नाही.

चिमीला कुठे वेळ होता? ती आपल्या जागेवर जाऊन बसली होती.

इतक्यात आत्या पलंगावरून उतरली. हळूच टाच टेकली. चिमीवर आली अख्खी आत्या!

चिमी चपटी झाली. आणि खुदकन हसली.