वाघाच्या छातीतली डुकराची शाळा

फार मागं, जनावरं आपसात औषधपाणी करायची तेव्हाची गोष्ट. रंगराव वाघाच्या दोन्ही किडन्या बसल्या. साळिंदरवैद्यानं डुकराची एक किडनी लावली, तर वाघाच्या अंगातल्या शिपायांनी "परकी आली!" म्हणत ती दोन दिवसांत फाडून टाकली.

"माझेच शिपाई मूर्ख! आता मी मरतो," वाघ कण्हला.

"मूर्ख नाहीत, त्यांचं शिक्षण अर्धं आहे," वैद्य खेकसला. "तुझ्या छातीत एक ग्रंथी आहे, तीच त्यांची शाळा. घरच्याला चावणारा तिथं नापास होतो. पण डुक्कर त्यांना दाखवलंय कुणी?"

मग त्यानं जुन्या शिपायांना औषध देऊन निजवलं. सोनाबाई डुकरिणीची किडनी लावली आणि सोबत तिच्या छातीतल्या शाळेचा तुकडाही वाघात रुजवला. तिथं शिकून निघालेल्या नव्या शिपायांनी किडनी हुंगली.

"अरे, ही तर आपली मावशी! बस गं निवांत."

वाघ बरा झाला. शिकारीला निघाला, तर समोर गलेलठ्ठ डुक्कर. त्यानं पंजा उगारला, तोच आतून सगळे शिपाई ओरडले, "ओ रंगराव, मावशीच्या माहेरचं आहे ते!"

वाघानं पंजा खाली घेतला आणि चडफडत म्हणाला, "राम राम, पाव्हणं."