राळेच्या पिशव्या आणि श्रेष्ठीचे वचन

पूर्वी वेणुमती नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या पिशवीवाल्यांच्या श्रेणीचा, म्हणजे व्यवसायसंघाचा, श्रेष्ठी म्हणजे प्रमुख होता. त्याचे नाव सुमंगल. झिरझिरीत कापडाला राळ फासून पाणी न शिरणारी पिशवी त्यानेच पहिल्यांदा केली. किती हलकी, किती स्वस्त! लोक तीतून भाजी आणत आणि ती उकिरड्यावर फेकून देत. ती कुजत नसे. खरकट्याच्या वासाने गाई ती गिळत आणि पोट फुगून मरत.

शेवटी राजाने बंदीची दवंडी पिटवली. झाले, श्रेणीत एकच हलकल्लोळ! श्रेणीचा कारभारी नंदिसेन बोलण्यात मोठा वस्ताद. त्याने अमात्यांच्या घरी रेशमी वस्त्रे धाडली. 'विणकर उघड्यावर पडतील' अशी चौकाचौकांत आवई उठवली. तरी राजा बधेना. तेव्हा नंदिसेन म्हणाला, "महाराज, आमचे श्रेष्ठी जन्मात खोटे बोललेले नाहीत. पिशवीत दोष नाही असे त्यांनी दरबारात शपथेवर सांगितले, तर बंदी उठवाल ना?"

राजाने ते मान्य केले.

वाटेत नंदिसेन सुमंगलला म्हणाला, "श्रेष्ठी, एकच वाक्य बोला. दोष फेकणाऱ्यांचा, पिशवीचा नाही. यात खोटे ते काय?" सुमंगल दरबाराकडे चालत राहिला. नंदिसेनाला वाटले, काम फत्ते!

दरबारात सालवती गवळण आपली गाय घेऊन आली होती. गाय पोट फुगून तिथेच आडवी पडली होती. "वैद्यांनी हात टेकले, महाराज," ती रडत म्हणाली. "माझे घर हिच्यावरच चालते हो."

सुमंगल गाईजवळ बसला. तिच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "ही पिशवी मी केली. ती कुजत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळले होते. गाई मरताना मी पाहिल्या आणि धंद्यापायी गप्प बसलो. लोक मला सत्यवादी म्हणत राहिले, तेही मी मुकाट ऐकून घेतले. यातला शब्द न् शब्द खरा असेल, तर त्या सत्याच्या बळाने ही गाय वाचो."

नंदिसेनाने कपाळावर हात मारला. मेला की हा माणूस, आणि आम्हालाही घेऊन बुडाला! तेवढ्यात गाईने अंग थरथरवले, मान ताणली आणि तिच्या तोंडातून एक पिशवी बाहेर पडली. मग दुसरी. मग पीळ पडलेला अख्खा गुंताच. इतके दिवस पोटात राहूनही पिशव्यांवरचा श्रेणीचा शिक्का जसाच्या तसा होता. गाय उठली, उभी राहिली आणि सालवतीचा हात चाटू लागली.

"अगं आई!" एवढेच नंदिसेनाच्या तोंडून निघाले. त्याचे हात आपोआप जोडले गेले. राजांचे दरबार, हत्ती, सैन्ये त्याने पुष्कळ पाहिली होती. पण असे काही कधीच पाहिले नव्हते. बंदी कायम राहिली. सुमंगल विणकरांबरोबर साध्या सुती पिशव्या शिवायला बसला.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद, सालवती म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि सुमंगल मीच होतो." नंदिसेन कोण, हे त्यांनी सांगितले नाही.

मागच्या रांगेतला एक म्हातारा भिक्षू उठला. "भंते," तो म्हणाला, "तो मी."

"होय," तथागत म्हणाले. "आणि हे असे उभे राहून सांगणे, हीच सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा."