गोधडीत अडलेली कातर

बाळांनो, निर्मळनाथ महाराज त्या साली माणकेवाडीच्या देवळात उतरले होते. थंडी तोंडावर आली होती. देवळात मुक्कामाला येणाऱ्या वाटसरूंसाठी गोधड्या शिवाव्यात, अशी महाराजांची इच्छा. गावातून जुनी लुगडी गोळा झाली आणि द्वारकाबाई शिंपिणीच्या ओसरीवर बायका बसल्या.

महाराजांनी एवढेच सांगितले होते, की जुने कापड लहान कात्रीने, एकेक पदर, म्हणजे एकेक थर, उचलून कापावे. कुठे विरले आहे, खाली काय आहे, ते हाताला कळते. त्या बायकांतली गजराबाई तशीच कापत होती. द्वारकाबाईंना हसू आवरेना. घरात कोट कापायची मोठी कातर असताना ही उंदरासारखी काय कुरतडते, असे त्या सगळ्यांना ऐकवीत होत्या.

"अगं गजरे, तुझी गोधडी होईस्तोवर उन्हाळा येईल की!"

गजराबाई महाराजांचे नाव घेत कापत राहिली.

द्वारकाबाईंनी लुगडी एकावर एक अंथरली, तीन बाजूंनी टाचली आणि जेवायला उठल्या. परत आल्यावर सगळे थर एकदम कापायला मोठी कातर घातली. मध्यावर ती अडली. कापड गोळा झाले असेल, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी दाबले. पाती मिटेनात. गुडघा टेकून जोर लावला. तरी मिटेनात.

एवढ्यात अंगणातून सुनेची किंकाळी आली. रांगता नातू कुठेच दिसत नव्हता, आणि परसातल्या विहिरीला कठडा नव्हता.

कातर तशीच कापडात सोडून सगळे तिकडे धावले. माणसे पाण्यात उतरली, बुड्या मारून वर येऊ लागली. प्रत्येक डोके वर आले की द्वारकाबाई त्याच्या हातांकडे बघत.

महाराज आले, ते विहिरीकडे गेलेच नाहीत. सरळ ओसरीवर येऊन कापडाशेजारी बसले.

"कुणी कापड ओढू नका. कातरीला हात लावू नका," महाराज म्हणाले. "गजराबाई, तुझी कात्री घे. वरचा एकच पदर काप."

द्वारकाबाई धावत आल्या. "माझं पोर विहिरीत गेलंय, आणि तुम्ही चिंध्या कापत बसलाय?"

गजराबाईने महाराजांकडे पाहिले आणि पहिला पदर कापून बाजूला केला. मग दुसरा. त्याखालचे कापड हलकेच वर उचलले गेले आणि पुन्हा खाली बसले. आत कुणीतरी श्वास घेत होते.

गजराबाई कात्रीचे टोक वर धरून तसू तसू कापत गेली. शेवटचा पदर निघाला. टाचायच्या राहिलेल्या बाजूने आत शिरलेले बाळ घामाने भिजून गाढ झोपले होते. मोठ्या कातरीची दोन पाती त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना होती. मध्ये पाती अडवणारे दुसरे काहीच नव्हते.

महाराजांनी कातर अलगद काढली. बाळ जागे होऊन रडू लागले. सुनेने त्याला उराशी धरले.

"मी जोर लावला होता, महाराज," द्वारकाबाई कशाबशा म्हणाल्या. "गुडघा टेकून जोर लावला होता."

"ठाऊक आहे, माय," महाराज म्हणाले.

त्यांनी कातर खाली ठेवली, तेव्हा सर्वांना त्यांचे तळहात दिसले. दोन्ही तळव्यांवर पात्यांचे लालभडक वळ उठले होते.

द्वारकाबाईंनी आधी गजराबाईचे हात कपाळाला लावले. मग महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, आणि महाराजांनी उठवले तेव्हाच त्या उठल्या.