कोंडाईचा सांगावा

ही गोष्ट ज्यांनी पाहिली त्यांची नातवंडंही आता राहिली नाहीत, इतकी ती जुनी आहे.

भादव्यातला साधा दिवस होता. डोंगरवाडीत आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता. सरजा अंगणात मुगाच्या वाळल्या शेंगा झोडत होती आणि ओसरीवर बसलेली सासू तिला काठी कशी धरावी ते सांगत होती. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिचं लुगडं डोक्यापासून पायापर्यंत ओलं होतं.

ती कोंडाई होती, सरजाच्या माहेरची, नदीपलीकडच्या वांगरीची. तिला पाहताच सरजाच्या हातातली काठी गळाली, कारण कोंडाई कुणाच्या दारात उगीच येत नसे.

त्या काळी माहेरचं कुणी वारलं की सांगावा घेऊन पुरुष जायचा. तो लेकीच्या सासरच्या पुरुषांना सांगायचा आणि घरचे म्हणायचे, हातातलं काम उरकू दे, मग तिला सांगू. लेक पोचायची तेव्हा नदीकाठी राख असायची. कोंडाईलाही तिच्या आईची राखच पाहायला मिळाली होती. तेव्हापासून वांगरीच्या लेकींचा सांगावा तिनं दुसऱ्या कुणाला नेऊ दिला नाही, असं म्हणतात. कुणाच्याही शेतावर रोजगाराला असली तरी ती खुरपं ठेवायची आणि चालू लागायची. पुढं पुढं तर आजाऱ्याचा जीव जायच्या आधीच ती निघायची. आजाऱ्याच्या घरावरून ती जाताना दिसली की घरातल्या बायका रडायला लागायच्या.

"सरजे, हात धू. आधी भाकर खा," कोंडाई म्हणाली.

"माझ्या घरात हुकूम सोडणारी ही कोण?" सासू म्हणाली. "आणि एवढी भिजलीस कुठं गं? आमच्याकडं चिमण्यांना अंघोळीपुरतं पाणी नाही."

"वाट लांब आहे, विहीणबाई. उपाशी चालवायची नाही तिला."

सरजानं अर्धी भाकर कशीबशी खाल्ली. उरलेली अर्धी तिनं कोंडाईपुढं धरली. कोंडाईनं ती पदरात बांधली आणि मग तिचा हात हातात घेतला.

"तुझी आई पहाटे गेली. आत्ता निघालीस तर तोंड दिसेल."

सासूनं शेंगांच्या ढिगाकडं बघितलं, त्या ओल्या बाईकडं बघितलं, आणि सरजाची पडलेली काठी स्वतःच उचलली.

कोंडाई पुढं, सरजा मागं. धुळीत सरजाची पावलं उमटत होती. कोंडाई गेली तिथं नुसते थेंब पडत होते.

"मावशी, तुमची हंसा कुठं असते आता?" सरजानं विचारलं.

"जावई तिला कामाच्या मागं घाटाखाली घेऊन गेला. गाव ठाऊक नाही." थोडं चालून कोंडाई म्हणाली, "माझा सांगावा न्यायला कुणी नाही बघ."

"मी नेईन," सरजा म्हणाली.

नदीला वरच्या पावसाचा मोठा पूर होता. पण त्या दोघींच्या घोट्यांवर पाणी चढलं नाही, असं म्हणतात. काठावर आल्यावर सरजानं डोळे पुसले, तर पुढं कुणीच नव्हतं.

आई अजून घरातच होती. सरजानं तिचं तोंड पाहिलं, गालावरून हात फिरवला. बाहेर आली तेव्हा चावडीपुढं आणखी एक देह झाकलेला दिसला.

"कोंडाई गं," बायका म्हणाल्या. "सकाळी तुझ्याकडंच निघाली होती. पुरानं ह्याच काठाला, बाभळीपाशी आणून टाकली. मग तुला कुणी कळवलं?"

सरजानं खाली बसून कोंडाईच्या पदराची गाठ सोडली. लुगड्यातून पाणी गळत होतं. आतली अर्धी भाकर कोरडी होती.

आता घरोघरी फोन आहेत. तरी वांगरीची माणसं लेकीला असली बातमी फोनवर सांगत नाहीत. एक बाईच जाते, लेकीलाच सांगते, आणि त्याआधी तिला अर्धी भाकर खायला लावते. उरलेली अर्धी परतताना नदीकाठच्या बाभळीखाली ठेवतात.

सरजा म्हातारी होईपर्यंत घाटाखालून येणाऱ्या प्रत्येकाला बाजारात, जत्रेत हंसाचं गाव विचारत राहिली. पुढं तिच्या लेकीनंही विचारलं.

हंसाला तिची आई गेल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.