बर्फाची गाडी आणि लाखेचा शिक्का

दाजीशेठांच्या कारखान्यातून बर्फ निघायचा आणि बंदरावर पाणी पोहोचायचं!

मधल्या घाटात त्यांची जुनी डिझेल पिकअप रोज बंद पडे, तीही नेमकी तिसऱ्या वळणावर. जणू तिथे तिचं माहेरच होतं. अर्धा तास उन्हात उभी राही, मग आपली आपणच चालू होई. तोवर बर्फाच्या लाद्यांच्या वड्या झालेल्या असत. बंदरावरच्या कोळणी ड्रायव्हरला विचारत, "काय रघूभाऊ, आज गार आणलंय की कोमट?"

शेठांनी उपाय करण्यात कसूर केली नव्हती. पहिल्या फिटरने डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्याने पंप खोलला आणि नॉझल काढून तपासले. तिसरा मोठ्या शहरातून आला होता, म्हणून त्याने काहीच न बदलता नुसती मान हलवली. तिघांनीही डिझेलच्या लाईनमधली हवा काढली, चहा घेतला आणि गेले. गाडी आपली तिसऱ्या वळणावर उभी!

मग शेठांच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीत खोट नाही, म्हणजे ड्रायव्हरमध्येच आहे! रघू डिझेल चोरतो! हा संशय तसा जुनाच. शिमग्यापासून शेठांनी टाकीच्या कुलपाच्या टोपणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट ताणून बांधला होता आणि त्यावर लाख ओतून आपल्या अंगठीचा शिक्का मारला होता. रोज सकाळी स्वतः शिक्का फोडायचा, स्वतः डिझेल भरायचं, स्वतः नवा शिक्का मारायचा आणि संध्याकाळी भिंग घेऊन तपासायचा. शिक्का रोज शाबूत असे. त्यामुळे तर शेठांची खात्रीच पटली, की रघू पट्टीचा चोर आहे!

"किल्ली ठेव इथे!" शेठ गरजले. "आणि कारखान्यामागची खोली रिकामी कर."

वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या रघूने खिशातली किल्ली काढली. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी सुरंगी डबा घेऊन तिथेच उभी होती. ती त्याच खोलीत जन्मली होती. तिने डबा खाली ठेवला.

"शेठ, मी गाडी नीट करून दिली तर?"

"तू?" शेठ खो खो हसले. "कर की! फक्त बॉनेट उघडायचं नाही. पाना लावायचा नाही. नवा पार्ट घालायचा नाही. आणि माझ्या शिक्क्याला माझ्याखेरीज कुणी बोट लावायचं नाही! उद्या बर्फाचा बर्फच पोहोचला तर तुझा बाप राहील."

"चालेल. पण तुम्ही सोबत बसायचं."

"बसणारच! चोर डोळ्यांनी बघायचाय मला."

घरी येताच सुरंगीने विचारलं, "बाबा, गाडी कधीपासून रुसते?"

"शिमग्यापासून गो."

"मध्ये एकदा तरी धड गेली?"

"शेठ भाच्याच्या लग्नाला गेले होते, ते दोन दिवस. शिक्का मारायला कुणी नव्हतं, मी तसाच गेलो."

सुरंगी कितीतरी दिवसांनी हसली आणि तिने फडताळातून काचेची एक बाटली काढली.

दुसऱ्या दिवशी दाजीशेठ पुढच्या सीटवर ऐसपैस बसले. रघू आणि सुरंगी उरलेल्या वीतभर जागेत मावले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर गाडी खोकली, थरथरली आणि बसली. मागून बर्फाचं पाणी टपटप गळू लागलं. रघूने मनातल्या मनात ग्रामदेवतेला नारळ बोलला.

"झालं समाधान?" घाम पुसत शेठ म्हणाले. "घशाला कोरड पडली. पाणी आहे का गो?"

"पाणी मागे गळतंय, शेठ. माझ्याकडे कोकम सरबत आहे."

सुरंगीने बाटली पुढे केली. तोंडावर ट्यूबचं रबर ताणून बांधलेलं, त्यातून एक बारीक नळी आत गेलेली आणि वरून सगळीकडे लाख!

"हे काय सोंग?"

"वाटेत कुणी चोरून प्यायलं तर? हल्ली माणसांचा भरवसा राहिलेला नाही, शेठ."

शेठांनी नळी तोंडात धरली. एक घोट आला, दुसरा अर्धाच आला. मग त्यांनी असा काही जोर लावला, की गाल आत गेले आणि डोळे बाहेर आले. सरबत ढिम्म!

"येत नाही गो!"

"कुणीतरी चोरलं असेल!"

"अगं, बाटली भरलेली दिसतेय!"

"मग फिल्टर बदलूया का? की मोठ्या शहरातला फिटर आणूया?"

"कारटे, आत हवा जायला वाट नको? एक भोक पाड वरून!"

"मी कशी पाडू? शिक्क्याला मालकाखेरीज कुणी बोट लावायचं नाही!"

शेठांनी चिडून खिशातलं दातकोरणं काढलं आणि रबरात खुपसून बाहेर ओढलं. बाटली गुडगुडली, सरबत सरसर वर आलं. अर्धी बाटली संपली आणि शेठांचं तोंड थांबलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग मान वळवून मागे टाकीच्या दिशेने पाहिलं.

ते खाली उतरले. आपल्याच नखांनी त्यांनी आपला शिक्का खरवडला, ट्यूब ओढून काढली आणि कुलूप उघडून टोपण फिरवलं.

"सूंऽऽऽ!"

टाकीने असा दम घेतला, की शेठ दोन पावलं मागे सरले. पुन्हा शिक्का मारायची आठवण त्यांना झाली नाही. टोपणातलं हवेचं बारीक भोक मोकळं ठेवून, नुसतं टोपण लावून ते गुपचूप सीटवर येऊन बसले. रघूने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कुरकुरलं आणि सुरू झालं, ते थेट बंदरावरच थांबलं.

कोपरे तेवढे झिजले होते, बाकी लाद्या शाबूत होत्या. कोळणी गोळा झाल्या. "आज खरंच बर्फ? चुकून आणलात काय हो शेठ?"

शेठांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "सुरंगे, तीन-तीन फिटर आले. एकालाही कसं कळलं नाही?"

"त्यांनी गाडी उघडून बघितली, शेठ. मला तुम्ही बॉनेट उघडू दिलं नाहीत, मग मी मालक उघडून बघितले!"

रघूने डोळे मिटले. गेली खोली! मग दाजीशेठांचं पोट हलू लागलं आणि ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. कोळणींनी तर पाट्या खाली ठेवून हसून घेतलं.

शेठांनी टोपणाची किल्ली रघूच्या हातात ठेवली. "खोली आजपासून तुझ्या नावावर, रघू." मग बोटातली शिक्क्याची अंगठी ओढून काढली आणि सुरंगीपुढे धरली. "आणि ही तुझी. माझ्याकडे राहिली, तर उद्या मी कारखान्याच्या खिडक्यांनाही शिक्के मारीन!"