चालू हंगामात पेठ बदलली

"अपील ऐकल्यासारखं करायचं आणि फेटाळायचं. त्यांचा कप्तान सूनबाईचा भाऊ असला म्हणून काय? ती कुठं तोंड उघडतीया!"

सासरे फोनवर बोलत होते आणि मी दाराआड चहा गाळत होते. सासरे म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष. माझ्या माहेरच्या पेठेतल्या तालमीच्या संघानं दुसऱ्या पेठेतला गोलकीपर घेतला, म्हणून सासऱ्यांनी त्याच्यावर बंदी घातली होती. जुन्या गोलकीपरचा हात मोडलेला, आणि रविवारी फायनल, तीही सासरच्याच पेठेशी.

दादा अपील घेऊन बाहेरच्या सोप्यात येऊन बसला.

"अध्यक्षसाहेब, त्याची जुनी तालीम त्याला सोडायला तयार आहे."

"असंल! पण ज्या पेठेत वाढला, त्या पेठेचा. चालू हंगामात पेठ बदलता येत नाही. नियम म्हंजे नियम!"

मी चहा ठेवला, तसे सासरे खुलले. "सूनबाई, सांगा भावाला, रविवारी कुणाकडनं ओरडणार? माप ओलांडलं, आता आमच्याच पेठेच्या न्हवं?"

मी पदर सावरला.

"मामंजी, माप मी चालू हंगामातच ओलांडलं. तुमच्या नियमानं अजून माहेरचीच की मी. मग गोलकीपरला खेळवताय, का मी बॅग भरू?"